पुरात बुडालेली चेतक

बाबांची चेतक स्कूटर पुन्हा रस्त्यावर आणायची असं ठरवलं आणि पहिल्या पाच मिनिटांतच सगळ्यात महागात पडलेली चूक करून बसलो. किक मारली.

किक खाली जाईना. अर्ध्यावर अडकली. गंजली असेल म्हणून मी जोर लावला. अंगाचं सगळं वजन टाकलं तेव्हा आतून खर्रर्र आवाज आला आणि किक एकदाची खाली गेली. इंजिन फिरतंय म्हणून मला आनंदच झाला. तीन महिन्यांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बोअरवाल्यानं, म्हणजे सिलिंडर आतून कापून नीट करणाऱ्यानं, सिलिंडर ट्यूबलाइटकडं धरून आतले उभे ओरखडे दाखवले. नख अडकत होतं त्यात. "पुरातली गाडी व्हय?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. "आणि तशीच किक मारलासा?"

तर ही गोष्ट अशा माणसाची आहे. मी मेकॅनिक नाही. बँकेत नोकरी करतो. मला पाना धरता येत होता एवढंच.

गाडी 1983 सालची. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. नंबर लावून चार वर्षं थांबल्यावर गाडी मिळाली, आणि ती आली त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते, हे मला आठवत नाही पण इतक्यांदा ऐकलंय की आठवतंयसं वाटतं. बजाजचा पियाजिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी आकुर्डीहून ही स्कूटर बाहेर पडली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. घडण सगळी व्हेस्पा स्प्रिंटची. 145 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत चार गिअर, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक, आणि मोटारसायकलसारखा सांगाडा नाहीच. पत्रा हाच सांगाडा. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण पत्रा कुजला म्हणजे गाडीचं हाडच कुजलं.

आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडं उतरणाऱ्या गल्लीत. घराला लागून पत्र्याचं शेड आहे, त्यालाच आम्ही गॅरेज म्हणतो. बाबा 2016 मध्ये गेले, त्याच्या आधीपासूनच गाडी तिथं उभी होती. ऑगस्ट 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. 43 फूट म्हणजे धोक्याची पातळी, यावरून काय ते समजा. आम्ही आईला घेऊन बहिणीकडं गेलो. परत आलो तेव्हा शेडच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीएवढी होती आणि चेतकच्या सीटवर कुणाच्या तरी घरातली प्लास्टिकची बादली येऊन बसली होती. गाद्या, धान्य, फ्रिज यांच्या धांदलीत गाडीवर नळीनं पाणी मारलं, ताडपत्री टाकली आणि विसरलो. पुरात गाडी आठवडाभर होती, पण तिचं खरं नुकसान पुढच्या तीन वर्षांत झालं. त्याच दिवशी प्लग काढून आतलं पाणी काढलं असतं आणि दोन घोट तेल सोडलं असतं, तर पुढचं निम्मं काम वाचलं असतं.

दिवाळी 2022 ला ताडपत्री काढली. किकचं वर सांगितलंच.

बाबांच्या गाडीचं काम करणारे मिस्त्री आता सत्तरीत आहेत. गॅरेज बंद केलंय. त्यांना शोधून काढलं. त्यांनी अट घातली: हात लावणार नाही, बसून सांगणार. संध्याकाळी येत, स्टुलावर बसत, चहा घेत. किकचं कळलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसले.

"पुरातल्या गाडीचा आधी प्लग काढायचा. डिझेल ओतायचं, दोन दिस ठेवायचं. मग मॅग्नेटचं चाक हातानं हळूहळू फिरवायचं. किक न्हाई मारायची." मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता उघडावंच लागतंय."

उघडायला लागलो. प्रत्येक नट सुटला की मोबाइलवर फोटो, आणि नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, वर चिकटपट्टीवर नाव. अठरा डबे झाले. आईनं प्रत्येक डबा आधी धुऊन दिला, मला कळलं नाही का, पण दिला. पुढच्या चाकाचा दांडा खाली काढताना हँडलखालच्या बेअरिंगचे छर्रे खळकन सांडले आणि शेडभर पळाले. मुलीनं जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फिरवून ते गोळा केले. एक मिळाला नाही. मग सगळेच नवे घेतले, ते तसेही घ्यायचेच असतात.

आता इंजिनाच्या बोल्टबद्दल. चेतकचं इंजिन गाडीला एकाच लांब बोल्टवर टांगलेलं असतं. पुढं तो बोल्ट, मागं शॉकअप. हे दोन सुटले, केबल आणि वायरी सुटल्या, की चाकासकट सगळं इंजिन हातात येतं. ऐकायला इतकं सोपं. हा बोल्ट रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीतून जातो. नळी आणि बोल्ट गंजून एकजीव झाले की तो फिरतो, पण सरकत नाही. रबर पिळतं आणि पुन्हा जागेवर येतं. पहिल्या दिवशी डिझेल सोडलं. दुसऱ्या दिवशी गंज सोडवणारा फवारा. तिसऱ्या दिवशी चार पौंडी हातोडा. बोल्टचं टोक मशरूमसारखं फुललं, आटे गेले, बोल्ट तसूभरही हलला नाही. मिस्त्री आले, बघितलं आणि म्हणाले, नट टोकाशी बरोबरीत आणून त्याच्यावर ठोकायचं असतंय, म्हंजे आटे वाचत्यात. हे ते काल सांगू शकले असते, पण काल मी विचारलं नव्हतं.

शेवटी पत्रा आणि इंजिनाच्या फटीत हॅकसॉचं नुसतं पातं घालून, त्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून, दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. दोन रविवार गेले. आठ पाती मोडली. तिसऱ्या रविवारी दुपारी अडीच वाजता इंजिन खाली पडलं, माझ्या पायापासून चार बोटांवर. मी तिथंच फरशीवर बसलो आणि आईला हाक मारली. ती येऊन बघून गेली. "एवढंच?" म्हणाली.

इंजिन उघडलं तेव्हा आत पंचगंगा होती. चेतकचं इंजिन उभं दोन भागांत सुटतं, शिंपल्यासारखं. खालच्या पोकळीत गाळ वाळून त्याची वडी झाली होती, सुरीनं कापावी अशी. क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याची, दोन्ही बेअरिंगं तांबडी. किकच्या वेळी हाच गाळ पिस्टनबरोबर सिलिंडरमध्ये ओढला गेला होता. गिअरच्या बाजूला मात्र तेल होतं, त्यामुळं दात्यांना फारसं काही झालं नव्हतं. तिथं दुसरंच निघालं. गिअर निवडणारा चार पायांचा क्रॉस असतो, त्याचे कोपरे गोल झाले होते. बाबांच्या हातात शिवाजी पुलाच्या चढावर दुसरा गिअर नेहमी सटकायचा आणि ते गिअरच्या केबलला दोष द्यायचे. वीस वर्षं केबल ताणत राहिले. तो क्रॉस मी फेकलेला नाही, खिळ्याला अडकवलाय.

उद्यमनगरबद्दल थोडं जास्तच लिहितो, कारण या सगळ्या उद्योगात मला खरी मजा तिथं आली. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर म्हणजे फाउंड्री, लेथ, ऑइल इंजिनांचे सुटे भाग. कुठल्याही बोळात शिरा, काहीतरी फिरत असतं. मी सिलिंडर घेऊन गेलो आणि बोअर करून द्या म्हणालो. बोअरवाल्यानं सिलिंडर बाजूला ठेवला. "आधी पिस्टन आणा." मला वाटलं टाळतोय. तसं नव्हतं. पिस्टनवर माप छापलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टन थोडा वेगळा उतरतो. हातातला पिस्टन मोजायचा आणि त्याला हवी तेवढीच फट ठेवून सिलिंडर कापायचा, ही रीत. जो पिस्टन न बघता बोअर करून देतो त्याच्याकडं पुन्हा जाऊ नये. या सिलिंडरची दोन बोअर आधीच झाली होती, म्हणजे हे तिसरं.

क्रँकचं काम दुसऱ्या बोळात. जुना कनेक्टिंग रॉड प्रेसवर काढला, नवा संच दाबून बसवला. मग त्या कारागिरानं क्रँक दोन टोकांत धरला, बाजूला डायल लावला आणि बोटानं हळूच फिरवला. काटा थरथरत इकडून तिकडं गेला. त्यानं क्रँक उचलला, तांब्याच्या हातोडीनं ताटलीच्या कडेला एकच टोला दिला, पुन्हा टोकांत धरला. काटा थोडा कमी हलला. पुन्हा टोला, या वेळी दुसऱ्या कडेला, आधीपेक्षा हलका. सहा-सात वेळा असं. किती जोरात मारायचं हे कसं कळतं असं विचारलं, तर म्हणाला, "काटा सांगतोय की." शेवटी काटा जवळजवळ स्थिर झाला. त्यानं घेतलेले पैसे इतके कमी होते की मला दोनदा विचारावं लागलं.

पिस्टनसाठी पुण्याला गेलो. नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीनं आहेत. तिथं 'चेतकचा पिस्टन' एवढं म्हणून भागत नाही. टू-स्ट्रोक का फोर-स्ट्रोक, पॉइंटवाली का इलेक्ट्रॉनिक, 6 व्होल्ट का 12, असे प्रश्न येतात आणि उत्तर अडखळलं की दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो. मी जुने भाग पिशवीतून नेले होते, त्यामुळं अब्रू वाचली. पिस्टन-रिंगा, बेअरिंगं, ऑइल सील, ठिणगी पाडणारे सीबी पॉइंट आणि कंडेन्सर, केबलचा पूर्ण संच, 6 व्होल्टचे बल्ब. दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून जुन्या बाजारात डोकावलो आणि हेडलाइटची मूळची निकेलची रिंग मिळाली, थोडी चेपलेली. घासाघीस केली नाही. विकणाऱ्याला ते लागलं असावं, कारण मी चार पावलं गेल्यावर त्यानं बोलावून एक टेललाइटची काच फुकट दिली.

इंजिन बांधणं उघडण्यापेक्षा शांततेचं काम. सीलच्या ओठाला तेल लावायचं. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या तोंडाकडं. टू-स्ट्रोकच्या पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगेची दोन टोकं तिच्याशीच यायला हवीत, नाहीतर रिंग फिरून सिलिंडरच्या खिडकीत अडकते आणि तुटते. मी तीन वेळा बघितलं, मग मुलीला बघायला लावलं.

टाकीत गंजाचे पापुद्रे होते. मूठभर बारीक खडी आणि जुने नट आत टाकले, तोंड बंद केलं, टाकी जुन्या रजईत गुंडाळली आणि टीव्हीवर क्रिकेट बघत बघत मांडीवर घेऊन हलवत बसलो. एक पूर्ण वन-डे. मग गंज काढायचं आम्ल, मग पाणी, मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर. तिला हे अजून माहीत नाही. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधली रबरं सगळी नवी घातली. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, शिवाय ते ओलावा धरतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मी टाकीचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो.

पत्र्याचं काम मी केलं नाही. पाय ठेवायचं फ्लोअर रबरी मॅटखाली इतकं कुजलं होतं की खालची फरशी दिसत होती. वेल्डरनं कुजका भाग कापून नवा पत्रा जोडला. वेल्डिंगच्या आधी झाकणं आणि स्टँड बसवून बघा असं मिस्त्रींनी चार वेळा बजावलं होतं, कारण पत्रा हाच सांगाडा. फ्लोअर कापल्यावर गाडी वाकली तर पुढचं चाक आणि मागचं चाक कधीच एका रेषेत येत नाही. आम्ही कापायच्या आधी दोन लोखंडी पट्ट्या आडव्या मारून घेतल्या.

रंगाचा प्रश्न होता. बाबांनी 1996 मध्ये गाडी पांढरी करून घेतली होती. मूळ रंग निळा होता यावर सगळ्यांचं एकमत, पण कसला निळा? आई म्हणे आकाशी, बहीण म्हणे मोरपंखी, मी म्हणे राखाडीकडं झुकणारा. मागची नंबर प्लेट काढली तर खाली वीतभर रुंद चौकोन निघाला, स्वच्छ, फिकट निळा. 1996 च्या त्या पेंटरनं प्लेट न काढताच फवारा मारला होता. त्याच्या आळशीपणाचे उपकार. तो चौकोन उन्हात धरून रंग जुळवला. बरोबर आई होती.

या वेळच्या पेंटरनं काम सुरेख केलं. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) कमी भरली, घासाई जास्त केली, जसं हवं तसं. फक्त एक केलं, ते मला वर्षभरानं कळलं.

रंगवलेली बॉडी घरी आली आणि मी केबल घालायला बसलो. जुन्या केबल मी काढताना सरळ ओढून काढल्या होत्या. सरावाचा माणूस काय करतो, तर जुन्या केबलच्या टोकाला सुतळी बांधतो आणि मग ओढतो, म्हणजे सुतळी आत राहते आणि तिच्या मागं नवी केबल ओढता येते. मला हे माहीत नव्हतं. क्लच, अ‍ॅक्सिलरेटर आणि गिअरच्या दोन, अशा चार केबल हँडलपासून पत्र्याच्या पोटातून इंजिनापर्यंत न्यायच्या, आत अंधार, वळणं, आणि खालचं भोक करंगळीएवढं. सायकलच्या ब्रेकची तार टोकाला वाकवून आत सोडत होतो. मुलगी खालून बॅटरी धरून बसली होती. "दिसली, दिसली... गेली." असं तीन संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी तिनंच तार पकडली आणि सोडली नाही.

या दरम्यान आणखी एक प्रसंग झाला, तो थोडक्यात सांगतो, कारण आठवला की अजून घाम फुटतो. चेतकचं रिम दोन अर्ध्या ताटल्या नटांनी जोडून केलेलं असतं. नवं टायर घातलं, हवा भरून आणली आणि मग दिसलं की व्हॉल्व्ह उलट्या बाजूला आलाय. मी हवा न सोडताच ताटल्यांचे नट सैल करायला घेतले. दोन सुटले, तिसरा सुटता सुटता फट पडली आणि ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली. मिस्त्री स्टुलावरून उठले. अख्ख्या अडीच वर्षांत ते तेव्हा एकदाच उठले. माझ्या हातातला पाना काढून घेतला, व्हॉल्व्हची पिन दाबून सगळी हवा सोडली आणि काही न बोलता घरी गेले. दोन दिवस आले नाहीत.

इंजिन बसवताना नवा रंग तीन ठिकाणी खरचटला. जुनी चादर गुंडाळायला हवी होती.

जुलै 2024 मध्ये सगळं जागेवर आलं. पेट्रोलमध्ये लिटरला 30 मिली टू-टी ऑइल, म्हणजे नेहमीच्या 20 पेक्षा जास्त, कारण इंजिन कोरं. कॉक उघडला, गार इंजिनाला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून चोक ओढला, गाडी उजवीकडं कलती केली तशी बाबा करायचे, आणि किक मारली. काही नाही. वीस किका झाल्या. प्लग काढला तर ओला. ठिणगी बघितली तर पिवळी, मरतुकडी. पॉइंटची फट पुन्हा तपासली, 0.4 मिलिमीटर, बरोबर. टायमिंग बरोबर. मॅग्नेट तीनदा काढला आणि घातला. चौथ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, कंडेन्सर बदल. म्हटलं, नवा आहे. "नवाच हाय म्हणून बदल."

घरात माळ्यावर बाबांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात जुने प्लग, केबलच्या गोळ्या, पॉइंटची फट मोजायला दुमडलेलं एक पोस्टकार्ड आणि ऑइलच्या कागदात गुंडाळलेला एक कंडेन्सर होता. कधीचा, देव जाणे. तो घातला. प्लग बॉडीला टेकवून किक दाबली तर निळी, करकरीत ठिणगी.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

बांधताना आत लावलेलं सगळं तेल जळायला लागलं आणि शेड पांढऱ्या धुरानं भरलं, मग गल्ली भरली. समोरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या आणि विचारलं, महापालिकेची डासांची गाडी आज कशी काय? पलीकडचा सातवीतला पोरगा पळत आला. गाडीवरचं नाव वाचून म्हणाला, "काका, चेतक तर इलेक्ट्रिक असते ना?" त्याच्या हिशोबानं बरोबरच आहे. त्याला कळायला लागलं तेव्हा 2020 ची चेतक आली होती.

आता कागद. गाडी बाबांच्या नावावर, नोंदणीची मुदत संपलेली. वारसानं गाडी नावावर करून घ्यायला 31 नंबरचा फॉर्म, नोंदणी नूतनीकरणाला 25 नंबरचा, सोबत आईचं आणि बहिणीचं संमतीपत्र, मृत्यूचा दाखला, विमा, पीयूसी. विम्यासाठी एका कंपनीच्या संकेतस्थळावर सालाचा रकाना 1990 च्या मागं जाईना, शेवटी एजंटला गाठून थर्ड पार्टी काढला. सगळे सांगत होते, विंटेजमध्ये नोंदवा. तो नियम 2021 चा आहे आणि त्याला गाडी 50 वर्षांची लागते. माझी 41 ची. तिला म्हातारी म्हणायला अजून अवकाश होता.

तपासणीच्या आधी चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची असते, आकडे उमटतात. मी कागद ठेवला, पेन्सिल घासली, कागद नुसता काळा झाला. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर जिथं नंबर ठोकलेला असतो तिथं हात फिरवला तर गुळगुळीत, आरशासारखं. पेंटरनं खड्डे समजून लांबी भरली होती आणि वर सुंदर फिकट निळा. दोन तास पॉलिश पेपर हातात घेऊन, पाण्याचा थेंब टाकत, एकेक आकडा वर आणला. रंगाच्या आख्ख्या कामात आता तेवढाच भाग उघडा आहे, त्यावर मी पारदर्शक लॅकर मारलंय.

नोंदणीचं नवं पुस्तक हातात यायला, नवी सुरक्षा नंबर प्लेट बसायला 2025 चा एप्रिल उजाडला. वहीत मांडलेला खर्च 46,300. यात हॅकसॉची पाती धरली आहेत, चहा धरलेला नाही. एवढ्यात सुस्थितीतली चेतक विकत मिळाली असती, हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. मिळाली असती.

मे महिन्यात एका रविवारी पहाटे आईला म्हणालो, जोतिबाला जाऊ. ती शहात्तर वर्षांची. मागच्या बाजूचं साडीवाल्या बायकांचं फूटरेस्ट मी काढून टाकणार होतो, गाडीच्या रेषेत बसत नाही म्हणून. तिनं ठेवायला लावलं होतं. त्यावर पाय ठेवून ती एका बाजूनं बसली, डावा हात स्टेपनीच्या हँडलवर, मांडीवर पिशवी. शिवाजी पूल ओलांडला, दुसरा गिअर सटकला नाही. वडणगे गेलं, केर्ली गेली. नवं बोअर म्हणून मी चाळीसच्या वर जात नव्हतो.

केर्लीच्या फाट्याला वळून चढ सुरू झाला आणि गाडी दमायला लागली. फटफट आवाज, ओढ नाही, मागं धूर. पहिल्या गिअरवर आणली तरी तेच. माझ्या डोक्यात सगळा क्रँक, सगळी सील, तिन्ही बोअर फिरायला लागली. कार्बोरेटरचा मेन जेट मोठा पडला असणार. किंवा सील गेलं. गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली, उजवं झाकण उघडलं आणि वाकून कार्बोरेटरकडं बघत बसलो. आई फूटरेस्टवरून उतरून शेजारी उभी होती. खालच्या शेतात कुणीतरी पंप सुरू करत होतं.

"तुझे बाबा पण असंच करायचे," ती म्हणाली. "चोक आत ढकल."